बया टूं म्हणते तेव्हा

‘हॅलो... हॅलो... अहो, फोन उचललाय तर बोला की! कोण आहे? नुसतं ऐकून घेताय होय? बरं, ठेवतो मग!’

माझ्या मोबाइलमधून एक व्यापारी असा करवादला आणि तालमीच्या खोलीत हशा पिकला. चहा यायचा होता, आमचा दिग्दर्शक शिरीष अजून उगवला नव्हता, आणि अशा रिकाम्या वेळी मंडळींची करमणूक करायचं काम माझ्याकडे असायचं. नाटकात मी काम करत नव्हते. कपडेपट, सुया, खिळे, थर्मास आणि कुणाची हरवलेली चप्पल एवढं माझं खातं. पण ही निरोपांची मैफल मात्र खास माझी.

मी तेव्हा तासगावला बेदाण्याच्या एका कोल्ड स्टोरेजच्या ऑफिसात होते. मालक चौगुले अण्णा. त्यांच्या पुण्याच्या जावयानं हौसेनं ऑफिसच्या फोनला एक नवी सोय बसवून दिली होती. संध्याकाळी ऑफिस बंद झालं, की आलेला फोन आपोआप उचलला जायचा. एक बाई गोड आवाजात ‘कृपया आपला निरोप ठेवा’ म्हणायची, मग ‘टूं’ असं वाजायचं, आणि पुढे माणूस जे बोलेल ते ईमेलला चिकटून माझ्या मोबाइलवर यायचं. मोबाइलही नवा, मोठ्या काचेचा, अण्णांनीच दिलेला. ईमेल उघडायचा, टाचणीच्या चित्रावर बोट ठेवायचं, गोल फिरणारं चक्र थांबेपर्यंत धीर धरायचा, की आवाज सुरू.

अडचण एकच होती. आमच्याकडच्या माणसाला पलीकडून ‘हं’ आल्याशिवाय बोलताच येत नाही. दोन वाक्यं झाली की समोरच्यानं ‘हं’ म्हणायचं, आणखी दोन झाली की पुन्हा ‘हं’. तो ‘हं’ थांबला, की एक तर फोन कटला किंवा समोरचा रुसला. त्यामुळे बेदाण्याचा भाव राहायचा बाजूला आणि मला रोज ऐकू यायचं ते ‘हॅलो, हॅलो, मेलाय का सगळा गाव?’ अण्णांना ही सोय मुळीच पटली नव्हती, पण जावयानं दिलेली वस्तू काढून टाकणार कशी?

‘आता हा नवा ऐका,’ मी म्हटलं आणि दुसऱ्या टाचणीवर बोट ठेवलं.

‘उज्ज्वला, मी आरवाडे बोलतोय. थांब, तू बोलू नकोस. ती बया म्हणालीय, मीच बोलायचं. बरं. मला पाव किलो बेदाणा हवाय. हं. हा ‘हं’ माझा मीच म्हटला, कारण पलीकडे कुणी जिवंत असल्याचं लक्षण दिसत नाही. तर बेदाणा श्रीखंडात घालायचाय. बडोद्याचे आमचे चिरंजीव येणार होते, ते आता येत नाहीत. रजा नाही म्हणे. हं. पण चक्का टांगून झालाय. चक्क्याला काय सांगणार, की बाबा रे, तुझी रजा मंजूर नाही? तेव्हा श्रीखंड होणार आणि ते मी खाणार. आणि ही खरखर येतेय ना, ती माझी नव्हे, लाइनची. तीनदा तक्रार केलीय. हं. बेदाणा काळा नको, आणि...’

इथं बयेनं त्यांचं तोंड दाबलं. जास्त बोललं की ती मधूनच तोडायची. खोलीत जो तो पोट धरून हसत होता. पण दारात चप्पल काढता काढता शिरीष तसाच थांबला होता. एक पाय चपलेत, एक बाहेर.

‘उजू, पुन्हा लाव,’ तो म्हणाला.

मी लावलं. तो हसला नाही.

‘हा बाप,’ तो म्हणाला. ‘आपला बाप सापडला.’

शिरीषच्या नाटकात एक मुलगी होती, दूर शहरात राहणारी. बापाचे फोन ती उचलत नाही. बाप तिच्यासाठी निरोप ठेवत जातो, आणि ते निरोप ती एकेक करून ऐकते. बाप स्टेजवर येतच नाही, फक्त आवाज. मुलीचं काम करणारी रोहिणी ग्रामीण रुग्णालयात नर्स होती. ड्यूटी करून यायची आणि तरीही सगळ्यात आधी पाठांतर तिचंच व्हायचं. अडलं होतं ते बापापाशी. तीन जणांचे आवाज घेऊन झाले होते. एक जाहिरातीतल्यासारखा बोलायचा, एक रडायचा, आणि तिसरा आमचा खजिनदार होता.

‘पण सर यायचे नाहीत,’ रोहिणी म्हणाली.

आरवाडे सर आमच्या शाळेत इतिहास शिकवायचे. ते तहाच्या अटी सांगायला लागले, तरी वर्ग श्वास रोखून ऐकायचा, असा आवाज. आमच्या नाट्यमंडळाचे ते एके काळचे हुकमी नट. पण ज्या नाट्यस्पर्धेसाठी आता आमची तालीम चालली होती, त्याच स्पर्धेत एका वर्षी, दुसऱ्या अंकात, भर स्टेजवर त्यांचे शब्द गेले. विंगेतून प्रॉम्प्टर ओरडत होता, ते सरांना ऐकू येत होतं, समोरच्या प्रेक्षकांनाही ऐकू येत होतं, आणि तोंडातून काही येत नव्हतं. शेवटी पडदा पाडला. त्यानंतर सर कुठल्याही नाट्यगृहाची पायरी चढले नाहीत. तालमीची खोली ज्या गल्लीत होती, ती गल्लीसुद्धा टाळून ते मंडईला जायचे.

दुसऱ्या दिवशी बेदाणा घेऊन मी त्यांच्याकडे गेले. सरांनी वाटीत श्रीखंड दिलं, आणि मी तोंडात चमचा असतानाच विषय काढला.

‘नाटकाचं नाव काढू नकोस,’ ते म्हणाले.

‘स्टेजवर यायचंच नाहीये, सर. नुसता फोन करायचा. संध्याकाळी ऑफिस बंद झालं की. बया उचलेल.’

‘आणि समोर कोण बसणार?’

‘कुणीच नाही. तुम्ही तुमच्या खुर्चीत. कागद हातात ठेवा, नाहीतर नका ठेवू.’

‘चुकलो तर?’

‘ठेवायचा आणि पुन्हा करायचा. बया रागावत नाही, सर.’

सरांनी टेलिफोनकडे बघितलं. काळा, जाडजूड, क्रोशाचा रुमाल पांघरून बसलेला तो फोन. मग म्हणाले, ‘एक नाटक माझ्यामुळे पडलंय, उज्ज्वला. ती पोरं वर्षभर राबली होती. माझ्यामुळे दुसरंही पडलं, तर मला या गावात राहवायचं नाही गं.’

‘नाही पडायचं,’ मी म्हटलं. ‘तुमचा आवाज माझ्या हातात असेल. मोबाइलमध्ये, कुलूपबंद.’

हे बोलताना मला फार भारी वाटलं होतं.

त्या संध्याकाळपासून ऑफिसच्या फोनला काही निराळंच भाग्य आलं. मी कुलूप लावून घरी पोचेपर्यंत ईमेल आलेला असायचा. पहिल्या निरोपात बाप मुलीला विचारतो, गॅसचा नंबर लावायचा तर पुस्तक कुठं ठेवलंय. दुसऱ्यात विचारतो, साबुदाणा किती वेळ भिजवायचा. प्रत्येक वेळी काहीतरी काम काढून बाप फोन करतो, असं होतं ते. सर असे बोलायचे, की मी स्वयंपाकघरात उभ्या उभ्या दोनदा मोबाइलला उत्तर दिलं, ‘सहा तास भिजवा.’ मधूनच ‘हं’ ऐकू आला नाही की ते थांबायचे आणि स्वतःच म्हणायचे, ‘हं म्हण की गं.’ शिरीषला आधी ते खटकलं. ‘लिहिलेलं नाहीये,’ म्हणाला. मग स्वतःच म्हणाला, ‘राहू दे. माझ्यापेक्षा बरं लिहितायत.’

आवाज लॅपटॉपवर घ्यायचा प्रयत्न करून झाला. बयेच्या फाइली लॅपटॉपला काही केल्या रुचेनात. माझा मोबाइल मात्र बिनतक्रार वाजवायचा. तेव्हा ठरलं, की प्रयोगात उजूनंच विंगेत बसायचं, मोबाइलला साउंडची वायर जोडायची आणि वेळ आली की टाचणीवर बोट ठेवायचं. आयुष्यात पहिल्यांदा मला नाटकात काम मिळालं होतं. मी त्यासाठी नवी साडीही घेतली. विंगेतल्या अंधारात ती कुणाला दिसणार, हे मला दुकानात कुणी सांगितलं नाही.

शिरीषनं मात्र प्रयोग तोंडावर आला असताना शेवटचा निरोप बदलला. नवा कागद मी सरांना नेऊन दिला. प्रयोगाच्या आदल्या संध्याकाळी आम्ही टेंपोत सेट चढवत होतो, माझ्या दोन्ही हातांत पडद्याचा बोजा होता, आणि पर्समध्ये मोबाइल ‘टिंग’ वाजला.

‘आला का शेवटचा?’ शिरीष टेंपोवरून ओरडला.

मी वाकून बघितलं. ईमेल होता, टाचणी होती. ‘आला!’ मी ओरडले. आणि आम्ही दोघंही खूश झालो. ईमेल आला म्हणजे आवाजही मोबाइलमध्ये आला, असंच आम्हा सगळ्यांना वाटत होतं. पोस्टमननं पाकीट दिलं की आत पत्र असायचंच, तसं.

प्रयोग दुपारी, जिल्ह्याच्या गावी. नाट्यगृह जुनं, भिंती किल्ल्यासारख्या. तिसरी घंटा झाली, पडदा वर गेला आणि मी विंगेत स्टुलावर बसून गॅसच्या पुस्तकाचा निरोप लावला. टूं! सरांचा आवाज सभागृहभर पसरला. पहिल्या ‘हं म्हण की गं’ला प्रेक्षक जे हसले! समोरच्या विंगेतून शिरीषनं मला अंगठा दाखवला. साबुदाण्यालाही हसले. तिसऱ्या निरोपाला मात्र हसता हसता थांबले.

आता शेवटच्या निरोपापर्यंत रोहिणीचा एक मोठा प्रवेश होता. मी निवांतपणे ईमेल उघडला, टाचणीवर बोट ठेवून फाइल तयार ठेवू म्हटलं. चक्र फिरायला लागलं. फिरत राहिलं. मग काचेवर अक्षरं आली: फाइल उतरवता येत नाही, नेटवर्क तपासा.

आधीचे निरोप मी घरी ऐकलेले होते, म्हणून ते फोनमध्ये उतरले होते. हा एकटाच ऐकायचा राहिला होता. तो अजून कुठं ढगात होता देव जाणे, आणि त्या किल्ल्याच्या भिंतींतून इंटरनेटचा वारा काही आत येत नव्हता. मी वायर काढून मागच्या दारापर्यंत पळाले, तिथं हात उंच करून उभी राहिले, नवी साडी दाराच्या कडीत अडकवून फाडली. चक्र आपलं फिरतंय. स्टेजवर रोहिणीचा प्रवेश अर्ध्यावर आला होता.

मला शिरीषची भीती वाटत नव्हती. मला दिसत होते ते क्रोशाच्या रुमालाशेजारी बसलेले सर. हे नाटक आता पडणार होतं, पुन्हा त्यांच्याच जागी पडणार होतं, आणि त्यांना उद्या ते सांगायला जाणार होते मी.

काचेच्या कोपऱ्यात मात्र फोनच्या दोन काड्या दिसत होत्या. इंटरनेट नव्हतं. पण साधा फोन लागत होता.

मी सरांचा नंबर लावला. घंटी वाजत राहिली. सर उठले असतील, चष्मा शोधत असतील, फोनवरचा रुमाल घडी करून ठेवत असतील.

‘हॅलो, आरवाडे.’

‘सर, उज्ज्वला. कालचा निरोप मशीनवरून नीट पोचला नाही. आत्ताच्या आत्ता पुन्हा बोलाल?’

‘आत्ता? आज प्रयोग आहे ना गं?’

‘हो सर.’

पलीकडे नुसती लाइनची खरखर. सर इतिहासाचे शिक्षक होते. दोन गोष्टींवरून तिसरी काढायला त्यांनीच आम्हाला शिकवलं होतं. मी डोळे मिटून घेतले.

‘ती बया कुठाय?’ त्यांनी विचारलं.

‘आज बया नाही. मीच आहे. पण मी मशीनसारखी गप्प बसणार.’

‘मग टूं कोण म्हणणार?’

‘काय, सर?’

‘अगं, बया टूं म्हणते तेव्हा मला जमतं. टूं झाल्याशिवाय नाही जमायचं. तू म्हण.’

मी पळत विंगेत आले, वायर पुन्हा मोबाइलमध्ये खुपसली. स्टेजवर रोहिणीनं खोटा फोन कानाला लावला. दिवे मंद झाले. सगळं सभागृह बापाची वाट बघत होतं. मी तोंड मोबाइलजवळ नेलं आणि होता नव्हता तेवढा जीव एकवटून म्हटलं, ‘टूंऽऽ!’

पहिल्या रांगेनं तो माझ्याच तोंडून ऐकला असणार. एक मूल खुदकन हसलं. आणि मग सर बोलायला लागले.

‘बाळ, मी बोलतोय. आज काही काम नाही. काढायचं म्हटलं असतं तर निघालं असतं, पण किती काढणार? गॅस आला, साबुदाणा भिजला, कुलपाची दुसरी किल्लीही सापडली. तेव्हा आज उगाच फोन केलाय. तू उचलू नकोस. उचललास, तर मला काय बोलायचं ते सुचायचं नाही. तू उचलत नाहीस म्हणून तर मी एवढा बोलतो. मला आपलं...’

आणि सर थांबले.

माझ्या हातात कागद होता. पुढचं वाक्य समोर होतं: ‘मला आपलं एवढंच विचारायचं होतं, की तू ऐकतेस ना.’ मी तोंड उघडलं, आणि मला तो जुना प्रयोग आठवला, विंगेतून ओरडणारा प्रॉम्प्टर आठवला. मी तोंड मिटलं. सभागृहात नुसती खरखर भरून राहिली. समोरच्या विंगेत शिरीषनं दोन्ही हात डोक्यावर ठेवले होते. त्याला अजून पत्ताच नव्हता, की हा आवाज जिवंत आहे. त्याला वाटत होतं, माझा मोबाइल अडकला.

तेवढ्यात स्टेजवरून रोहिणी म्हणाली, ‘हं.’

लिहिलेलं नव्हतं. नाटकात ती जुना निरोप ऐकत होती, आणि निरोपाला कुणी ‘हं’ म्हणत नसतं. पण बोलणारा थांबला की ‘हं’ म्हणायचं, एवढं आमच्याकडे तान्ह्या पोरालाही कळतं. रोहिणी तर नर्स. तिनं पुन्हा, जरा मोठ्यानं म्हटलं, ‘हं, बाबा. बोला.’

तिचा आवाज सभागृहभर घुमून माझ्या हातातल्या मोबाइलमधून तासगावला गेला. पलीकडे सरांनी श्वास घेतलेला साऱ्यांना ऐकू आला.

‘आहेस होय तू तिथं?’ सर म्हणाले.

‘आहे.’

‘आणि इतके दिवस नुसतीच ऐकत होतीस?’

‘हो.’ रोहिणी आता खरंच रडत होती आणि रडता रडता हसत होती. ‘सगळे ऐकले. साबुदाण्याचा पण.’

‘मग झालं,’ सर म्हणाले. ‘मला वाटलं, मी एकटाच बोलतोय. बरं, मी आता ठेवत नाही. तू ठेव. लहानपणीसुद्धा गोष्ट संपली की तूच म्हणायचीस, आता झोपा, बाबा.’

रोहिणीनं कानाचा फोन हळूच छातीशी धरला. दिवे गेले. पडदा.

पुढे शिरीषनं आधी मला शिव्या दिल्या, मग मिठी मारली, मग पुन्हा शिव्या दिल्या. आमचा नंबर काही आला नाही. एका परीक्षकांनी त्याला गाठून विचारलं, मशीनवरचा निरोप मुलीला उत्तर कसा देतो, हे जरा समजावून सांगा. ‘आमच्याकडे देतात,’ शिरीष म्हणाला आणि त्यांना चहाला घेऊन गेला. पण ते सगळं नंतरचं. पडदा पडला तेव्हा मी विंगेत फाटक्या साडीत उभी होते, वायर काढलेला मोबाइल कानाशी धरून, आणि पलीकडे सर अजून फोनवर होते.

‘उज्ज्वला? आहेस का गं?’

‘आहे सर.’

‘मला पहिल्या ‘हं’लाच कळलं होतं,’ ते म्हणाले. ‘तुझा ‘हं’ मला पाठ आहे, शाळेत असल्यापासून. तो तुझा नव्हता.’ मग थोडं थांबून, घसा साफ करून म्हणाले, ‘पडलं नाही ना?’

‘नाही सर.’

‘काय म्हणतेस? मोठ्यानं बोल. आज लाइनवर फारच खरखर आहे. पुन्हा तक्रार करायला पाहिजे.’

‘ही खरखर नाही, सर,’ मी म्हटलं. ‘टाळ्या आहेत.’

पलीकडून ‘हं’ आला नाही. मला वाटलं, फोन कटला.

‘सर?’

‘ठेवू नकोस,’ ते म्हणाले. ‘जरा तिकडं धर.’

मी ‘हं’ म्हटलं आणि मोबाइल धरलेला हात विंगेबाहेर काढला.